टायरची आतली बाजू

हे वाचायच्या आधी खाली जा आणि आपल्या गाडीचे टायर बघून या. खरंच जा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बऱ्याच अक्षरांच्या गर्दीत, एका लांबट चौकटीत चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. टायर कारखान्यातून कधी निघाला, ते तिथे लिहिलेलं असतं. सापडले नाहीत, तर एक तर ते आतल्या बाजूला आले आहेत, नाही तर कुणी तरी ते आतल्या बाजूला ठेवले आहेत. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि त्या फरकापायी मी रायपूरच्या भनपुरीत रोज कुणाशी ना कुणाशी भांडते.

आपल्या मराठी मंडळाच्या या अंकासाठी संपादकांनी निवृत्त लोकांकडून कामाचे अनुभव मागवले होते. मी निवृत्त नाही. मला अजून तिशीही लागलेली नाही. पण रायपुरात गाडी चालवणारी आपली माणसं निवृत्तीपर्यंत धडधाकट पोचावीत अशी माझी इच्छा आहे, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

कॉलेजात मी पत्रकं लिहायचे. मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्यासाठी, बसच्या पाससाठी, एकदा तर वाचनालयातल्या पंख्यांसाठी. पत्रकाचे नियम तिथेच शिकले. मजकूर अर्ध्या पानात बसवायचा आणि शेवटी वाचणाऱ्यानं नेमकं काय करायचं ते सांगायचं. पहिला नियम आज मोडणार आहे. पदवी झाली आणि नोकरी मिळाली ती बलदेव भैयांच्या टायरच्या दुकानात, बिलं करायला. भनपुरी म्हणजे ट्रक, ट्रकांची गॅरेजं, ट्रकांचे ढाबे आणि उरलेल्या जागेत माणसं. पुढे उरला आणि सिलतरा ही दोन गावं, म्हणजे लोखंडाचे कारखाने. बिलं करता करता मी चाकांची अलाइनमेंट करायचं मशीन शिकले. मग गिऱ्हाइकांशी बोलायचं कामही माझ्याच गळ्यात आलं, कारण बलदेव भैयांच्या मते मला नाही तरी गप्प बसता येत नाही. ते मला 'नेताजी' म्हणतात. कौतुकानं नाही.

गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं. "कोई भैया है क्या?"

माझं उत्तरही ठरलेलं. "हैं. अंदर चाय पी रहे हैं. टायर मैं बताऊंगी."

एक साहेब आठवतात. पुण्याहून बदलून इथल्या सरकारी कचेरीत आलेले, आणि इंटरनेटवर सगळं वाचून आलेले. म्हणाले, "मला ऑल सीझन टायर पाहिजेत." मी म्हटलं, आपल्याकडे कारसाठी मिळतात ते बहुतेक उन्हापावसाला धरूनच केलेले असतात, वेगळं मागायची गरज नाही.

"पण ऑल सीझन म्हटल्यावर त्यात बर्फ आलाच ना?"

"परदेशात येतो, सर."

"मग असं करा. बर्फ वगळून काय भाव पडेल?"

ते गंमत करत नव्हते. मी पण हसले नाही. त्यांना समजावून सांगितलं, तेच इथे सांगते, कारण हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी तरी विचारतं. बर्फाचं चित्र उठवलेले टायर वेगळे असतात. त्यांचं रबर थंडीत कडक होऊ नये म्हणून मऊ ठेवतात. ते रायपुरात आणलेत तर मेअखेरच्या नवतप्यात, त्या नऊ जळत्या दिवसांत, रस्त्याला घासून घासून लवकर संपतील. आपल्याकडे 'सगळ्या ऋतूंत चालणारा' याचा अर्थ दोनच परीक्षा. चटका बसणाऱ्या डांबरावर टिकला पाहिजे आणि पावसात खालचं पाणी बाहेर फेकता आलं पाहिजे. थंडी आपल्याकडे टायरला नाही, माणसांना वाजते, आणि तीही कौतुकापुरती.

आता टिकणं आणि धरणं, यांचं एकमेकांशी वाकडं आहे. खोडरबर आठवा. मऊ खोडरबर छान पुसतं आणि पटकन झिजतं. कडक खोडरबर वर्षभर पुरतं आणि कागद फाडतं. टायरचंही तसंच. स्पोर्टी गाडीवाल्याला दोन्ही पाहिजे असतं, रस्ता पकडून वळलं पाहिजे आणि पुढची काही वर्षं दुकानाचं तोंड बघायला लागू नये. दोन्ही शंभर टक्के मिळत नाही. जो दुकानदार मिळतं म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका. मधला रस्ता मात्र असतो. बऱ्याच टायरवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा उठवलेला असतो. आकडा मोठा, तर टायर हळू झिजणारा. त्याच्याशेजारी पाण्यातल्या पकडीसाठी आणि उष्णतेसाठी इंग्रजी अक्षरं असतात. त्यात ए असेल तर उत्तम, सी असेल तर रायपूरच्या उन्हाळ्यात नको. हे सगळं वाचायला चष्मा लागतो. डिग्री लागत नाही.

पण वाचतो कोण? एक तरुण आला होता, नवी कोरी स्पोर्टी सेडान घेऊन. "दीदी, चौड़ा लगाओ. पीछे से भारी दिखना चाहिए." मी सांगितलं, कंपनीनं दिलेलं माप ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, तेच ठेव. त्याहून रुंद टायर आतल्या प्लास्टिकला घासणार, मायलेज खाणार, आणि पाण्यावर तरंगणार. ऐकलं नाही, दुसरीकडून लावून घेतले. महिन्याभरानं हवा भरायला आमच्याकडे आला. विचारलं, घासायचा आवाज नाही येत आता?

"नहीं दीदी. स्पीकर बदल लिया."

अशांवर रागवायचं तरी कसं. राग येतो तो वेगळ्या लोकांचा, आणि त्यांच्याबद्दलच मुख्य गोष्ट आहे.

पल्लवी आमच्या दुकानात आली ती वडिलांशी भांडतच. तात्यापाऱ्यातलं विदर्भातून आलेलं कुटुंब, वडील रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त. त्यांना मी काका म्हणेन. पल्लवी सिलतऱ्याच्या एका रोलिंग मिलमध्ये इंजिनिअर. तिची लाल रंगाची हॅचबॅक, छोटी पण इंजिन दमदार, सस्पेन्शन कडक. तिनं ती स्वतःच्या पगारातून घेतलेली आणि रोज शिफ्टला तीच नेणारी.

काका काउंटरवर हात टेकून म्हणाले, "समोरचे दोन टायर बदलून द्या. साधे चालतील. आहेत ते वर्षभराचेच, पण गाडी दिसायला चांगली पाहिजे. रविवारी गिऱ्हाईक येऊन राहिलं बघायला."

"बाबा, गाडी विकायची नाहीये."

"विकायची आहे."

"मेरी गाडी है, बाबा."

"गाडी तुझी आहे. पोट्टी माही आहे."

झालं होतं असं. आदल्या आठवड्यात पल्लवी सकाळची शिफ्ट करून दुपारी परत येत होती, पावसात. सिलतऱ्याच्या अलीकडे एक वळण आहे, तिथे कारखान्यांचे ट्रक रांगेत उभे असतात. त्या रस्त्यावर कोळशाची भुकटी आणि लोखंडाचा कीस कायम असतो, पाऊस पडला की त्याचा काळा लेप होतो. वळणावर गाडीचा मागचा भाग सुटला, गाडी फिरली, आणि एका उभ्या ट्रकपासून हातभर अंतरावर तोंड उलट दिशेला करून थांबली. कुणाला काही लागलं नाही. पण त्या ट्रकचा ड्रायव्हर ओळखीचा निघाला, आणि ती घरी पोचायच्या आधी बातमी तात्यापाऱ्यात पोचली.

घरी निकाल लागला. पोट्टी गाडी जोरात चालवते. गाडी विका. कंपनीची बस फक्त सकाळी नवाच्या ड्युटीवाल्यांसाठी, तर तिनं शिफ्ट सोडावी आणि शहरातल्या ऑफिसात टेबलावरची जागा मागून घ्यावी. पल्लवीला मिलमध्ये शिफ्टची जबाबदारी मिळावी म्हणून किती जणांच्या केबिनमध्ये जाऊन वाद घालावे लागले होते, ते तिनं मला नंतर सांगितलं. गाडी गेली की ते सगळं गेलं. हे दोघांनाही माहीत होतं, आणि काउंटरवर दोघंही टायरविषयी बोलत होते.

मी पल्लवीला विचारलं, "किती स्पीड होता?"

"चाळीसच्या खाली. ट्रक उभे असतात ना तिथे, कोण पळवणार? पण कुणी मानतच नाही यार."

"काहून मानावं?" काका म्हणाले. "गाडी उगाच फिरते काय? टायर तर नवेच आहेत. मागच्याच वर्षी टाकले, तुमच्या बाजूच्या दुकानातून. स्पोर्टवाले, महागाचे. मी स्वतः सोबत होतो."

नवेच आहेत, आणि मागचा भाग चाळीसच्या आत सुटला. मी मनहरणला हाक मारली. मनहरण आमचा फिटर, धरसींव्याकडचा, छत्तीसगढीच बोलणारा. मी म्हटलं, लिफ्टवर घे, चारही बघायचेत.

गाडी वर गेली. नक्षी पुरेशी शिल्लक होती, खाचा खोल होत्या, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला टायर चांगलेच वाटले असते. मी नख दाबलं. रबर दबेचना. खाचांच्या तळाशी केसांसारख्या बारीक भेगा होत्या. वरून काळं पॉलिश मारलं की या भेगा दिसत नाहीत. मी बाहेरच्या बाजूला तारखेचे आकडे शोधत होते, तेवढ्यात मनहरण म्हणाला, "दीदी, ये देख तो. भीतरी कोती ल बाहिर लगाय हे."

आतली बाजू बाहेर लावली होती.

इथे थोडं थांबून सांगायला पाहिजे. काही टायरची नक्षी दोन्हीकडे सारखी असते, ते कसेही लावा. स्पोर्टी गाड्यांच्या बऱ्याच टायरची मात्र अर्धी नक्षी वेगळी असते. बाहेरचा अर्धा भाग वळणावर धरायला, आतला पाणी काढायला. म्हणून त्यावर इंग्रजीत स्पष्ट उठवलेलं असतं, एका बाजूला आउटसाइड, दुसऱ्या बाजूला इनसाइड. पल्लवीच्या चारही चाकांवर बाहेरून वाचता येत होतं, इनसाइड.

ते चढवणारा त्या दुकानातला फिटर अडाणी होता म्हणून असं झालं नाही. आमच्या पट्ट्यात एक पद्धत आहे. गोदामात पडून राहिलेला जुना माल निघाला की मालक फिटरला फक्त हातानं खूण करतो, तळवा उलटा करतो. म्हणजे टायर असा चढव की तारीख आत जाईल. साध्या टायरला यानं काही फरक पडत नाही, फक्त गिऱ्हाईक फसतं. पण पल्लवीच्या टायरवर तारीख होती आउटसाइडच्या बाजूला. ती लपवायची म्हणून सगळा टायरच उलटा चढवला. मी लिफ्टखाली जाऊन टॉर्च मारला. पल्लवीनं ते नवे म्हणून लावले तेव्हाच ते चांगली पाच वर्षं कुठल्या तरी गोदामात पत्र्याखाली तापलेले होते. कडक झालेलं रबर, वर उलटी नक्षी. त्या काळ्या लेपावर अशी गाडी फिरली यात नवल ते काय?

हे सगळं मी पल्लवीला दाखवलं. तिनं चाकावरून बोट फिरवत ती अक्षरं वाचली आणि एकदम हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "रोज धुते मी ही गाडी. रोज! बाबा, तुम्हाला दिसलं होतं का हे?"

काका वाकून बघत होते. "दिसलं होतं न. मले वाटलं कंपनीचं नाव असन."

मी काकांना म्हटलं, "काका, पोरगी जोरात चालवत नव्हती."

काका सरळ झाले. "हे तू म्हणून राहिली. तुले टायर विकायचे आहेत."

चूक नव्हतं त्यांचं. एकदा दुकानदारानं फसवलेल्या माणसानं दुसऱ्या दुकानावर विश्वास काहून ठेवावा?

बलदेव भैया चहाचा ग्लास घेऊन बाहेर आले होते. त्यांनी मला बाजूला बोलावलं. "नेताजी, जिस दुकान का काम है ना, उससे अपना रोज का उठना-बैठना है. उसका नाम मत लेना. और अपने गोदाम में इसी साइज के चार पड़े हैं, स्पोर्टवाले. वही लगा दे, आज ही निकल जाएंगे."

मी गोदामात गेले. ते चारही मी ओळखत होते. नोकरीला लागले तेव्हापासून त्यांच्यावरची धूळ झटकत आलेय. ते पल्लवीच्या टायरपेक्षा फार तर वर्षभर तरुण असतील. बाहेर येऊन मी म्हटलं, "भैया, हे नाही लावायचे."

"क्यों? उलटा थोड़ी लगाएंगे."

"तीच कहाणी परत होईल. ती रोज सिलतऱ्याला जाते."

"तू दुकान चला रही है कि आंदोलन?"

"जो गिऱ्हाईक फिरून परत येतं त्याला दुकान म्हणतात, भैया. त्या बाजूच्या दुकानात ही मुलगी परत गेली का? इकडे आली ना?"

मला वाटलं नोकरी गेली. बलदेव भैयांनी आधी चहा संपवला. वाईट माणूस नाही तो. सगळा बाजार जे करतो ते करण्याची त्याला सवय आहे, एवढंच. ग्लास ठेवून म्हणाले, "डिस्ट्रीब्यूटर को फोन लगा. ताजा माल मंगा ले. और सुन, जो भी लगाना, पहले तारीख पढ़वा देना उनसे, नहीं तो ये अंकल मेरे को भी चोर बोलेंगे."

मी हे वाक्य धरून ठेवलं. त्या दिवसापासून आमच्याकडे टायर चढवण्याआधी गिऱ्हाइकाकडूनच तारीख मोठ्यानं वाचून घेतात. मग ती आत आली तरी हरकत नाही. काही टायरमध्ये ती आतच येते, त्यात लबाडी नसते. लबाडी न दाखवण्यात असते.

टायर कोणते घ्यायचे, यावर मग खरी लढाई झाली. पल्लवीला परत मऊ, स्पोर्टवालेच पाहिजे होते. गाडीचा जीव त्यातच आहे म्हणे.

मी म्हटलं, "तू रेस लावते का?"

"नाही."

"रोज जाऊन येऊन सरळ हायवे, ट्रकांच्या मधून. रस्त्यावर लोखंडाचे तुकडे. पावसात लेप, उन्हाळ्यात तवा. मऊ टायर तुला पहिले काही महिने फार आवडतील, मग संपतील. आणि त्यांची भिंत बुटकी, खड्ड्यात आपटली की फुगा येतो."

"मग बाबांसारखे साधे लावू? बैलगाडीसारखी चालेल गाडी."

"मधले लाव." मी तिला आकडे दाखवले. दाराच्या चौकटीवरचं माप तेच. भार आणि वेग सांगणारा आकडा आणि अक्षर कंपनीनं दिलंय त्याहून खाली नाही. ट्रेडवेअरचा आकडा तिच्या जुन्या टायरपेक्षा बराच वरचा, पाण्यातली पकड ए, उष्णता ए. गोल फिरणाऱ्या मधल्या खाचा रुंद, कारण पाणी तिथूनच निघतं. वळणावर स्पोर्टवाल्यांपेक्षा जरा मवाळ वाटेल, ते मी आधीच सांगितलं. खोटं सांगून टायर विकला की पुढच्या वेळी खरंही विकत नाही.

ती बराच वेळ दोन्ही टायरवर आळीपाळीनं हात फिरवत होती. मग म्हणाली, "ठीक आहे. टिकले पाहिजेत पण."

"टिकवायचं काम तुझं. हवा सकाळी, गाडी गार असताना बघायची. पुढचे मागे, मागचे पुढे, दर सर्व्हिसिंगला. आणि आज अलाइनमेंट करून घ्यायची, नाही तर एका कडेनं खाल्ले जातील."

काका ऐकत होते. "चार काहून? समोरचे दोन पुरे. इंजिन समोर, स्टेअरिंग समोर. मागचे तर नुसते मागून येतात."

ही समजूत रायपुरातल्या दर दुसऱ्या घरात आहे. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी गाडीचं काय सुटलं होतं?"

ते पल्लवीकडे बघायला लागले.

"मागचं," पल्लवी म्हणाली.

"पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, ब्रेक सोडून सावरता येते. मागचं घसरलं तर गाडी फिरते, आणि मग सावरणाऱ्याला वेळच मिळत नाही. दोनच घ्यायचे असते, तर मी ते मागेच लावले असते. पण हे चारही एकाच पापातले आहेत."

काका मागच्या चाकांपाशी जाऊन परत वाकून बघून आले. बिल चार टायरचं झालं, आणि पल्लवीनं ते दिलं. टायर आले तेव्हा तारीख काकांनी स्वतः चष्मा लावून वाचली, चारही टायरची, मोठ्यानं, आणि मग मनहरणला म्हणाले, "हे आउटसाइड आहे न? बाहेर लाव मंग. मी बघून राहिलो."

"हव अंकल, बाहिरे लगाहूं."

जाताना काकांनी मला सांगितलं, "टायर टाकले म्हणून गाडी ठेवली असं समजू नको. रविवारी गिऱ्हाईक येणारच आहे. आता भाव चांगला येईल."

म्हणजे मी सगळा किल्ला लढवला आणि फायदा झाला तो गाडी विकणाऱ्याचा. मला इतका संताप आला की मी त्यांच्या मागे पार्किंगपर्यंत गेले. "काका, गाडी विकायची तर विका. पण पोरीची चूक होती असं सांगून विकू नका. त्या वळणावर तिला एकदा परत चालवू द्या. पावसात. तुम्ही बाजूला बसा. मग ठरवा."

"अन् परत फिरली तर?"

"तर माझ्या समोर फिरेल. मी पण बसते."

मी हे बोलून गेले ते विचार न करता. पण बोलून झालं होतं.

पल्लवीला मी सांगितलं, दोन दिवस साधी चालव, नव्या टायरवर साच्याचा तेलकटपणा असतो, तो निघून जाऊ दे. शनिवारी दुपारी पाऊस होता. तिची दोनची शिफ्ट होती. काका पुढे बसले, पट्टा बांधून, हातात छत्री उभी धरून, जणू ब्रेक तिथूनच लागणार होता. मी मागे. बिलासपूर रोडवर ट्रकांच्या चाकांमधून काळं पाणी उडत होतं आणि वायपर ते इकडून तिकडे सारत होते.

काका मध्येच म्हणाले, "हळू."

"बाबा, मी चाळीसवर आहे."

"मंग ठीक आहे."

वळणाच्या आधी नेहमीसारखी ट्रकांची रांग होती. रस्त्यावर तोच लेप, त्यावर इंद्रधनुष्यासारखे तेलाचे डाग. पल्लवीनं वेग थोडा कमी केला, गाडी वळणात घातली, आणि मागे आरशात कुणी नाही हे बघून वळणावरच ब्रेक दाबला. तिनं सांगितलं नव्हतं. काकांची छत्री डॅशबोर्डवर आपटली. गाडी थोडी थरथरली, आणि आपल्या रांगेत, तोंड सिलतऱ्याकडे करून, उभी राहिली.

वायपर चालू होते.

पल्लवीच्या हातांची पकड स्टेअरिंगवर तशीच होती. "बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी पण मी एवढाच ब्रेक दाबला होता."

काकांनी छत्री सरळ केली. मग त्यांनी घड्याळ बघितलं. "दोन वाजून राहिले. चाल, उशीर होईन."

"घरी?"

"घरी काहून? शिफ्ट आहे न तुझी?"

तिनं आम्हाला मिलच्या फाटकाशी सोडलं. गाडी आत गेली, चौकीदारानं हात केला, तिनं पण केला. काका आणि मी छत्रीत उभे राहिलो, परतीच्या शेअर ऑटोची वाट बघत. बाजूने ट्रक जात होते आणि आमच्या चपला काळ्या होत होत्या.

तर, हा झाला अनुभव. त्या बाजूच्या दुकानाचं काय झालं, असं सगळे विचारतात. काहीच झालं नाही. मी पल्लवीला म्हटलं होतं, तक्रार करू, ग्राहक मंचात जाऊ, कागद मी लिहिते. ती म्हणाली, माझ्याकडे वेळ नाही, मला शिफ्ट आहे. तिचं बरोबर होतं आणि मला ते अजून टोचतं. त्या दुकानात आजही मालक तळवा उलटा करतो. म्हणून मी पत्रक काढलं, अर्ध्या पानाचं, भनपुरीतल्या चहाच्या टपऱ्यांवर चिकटवलं. निम्मी कुणी तरी फाडली. मी परत चिकटवली. आता पुन्हा फाडली आहेत. मी पुन्हा छापायला दिली आहेत. वाचणाऱ्यानं करायचं ते एवढंच: टायर चढवण्याआधी तारीख मोठ्यानं वाचायची, आउटसाइड लिहिलेलं बाहेर आलं का ते बघायचं, आणि गाडी फिरली की चालवणाऱ्या पोरीकडे बोट दाखवण्याआधी खाली वाकायचं.

त्या शनिवारी ऑटो यायच्या आधीच काकांचा फोन वाजला. रविवारी येणारं गिऱ्हाईक होतं. पाऊस थांबला नव्हता, त्यामुळे काकांना ओरडून बोलावं लागत होतं, आणि समोरच्याचंही मला ऐकू येत होतं. त्याला गाडी आजच बघायची होती.

"आज नाही जमत," काका म्हणाले.

"तो कल सुबह?"

"उद्या भी नाही."

"क्यों अंकल, किसी और को दे दी क्या?"

काकांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि मिलच्या फाटकाकडे बघत म्हणाले, "नाही भाऊ. गाडी ड्युटीवर गेली."